दोन्ही बाह्या डाव्या

मी कात्री. शिंप्याची, वजनदार, पितळी मुठीची. तुमच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पिशवीचा कोपरा उडवायला जी असते, ती माझी लांबची नातेवाईक. आमचं येणं-जाणं नाही. मी जव्हारला असते, एसटी आगाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, 'न्यू अल्मास टेलर्स'मध्ये. जुनं अल्मास टेलर्स कधीच नव्हतं. पण आमच्याकडे दुकान काढलं की नावाआधी 'न्यू' लावतात, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटावं, यांचं आधीचंही बरं चाललं असणार.

जन्म मेरठचा. त्याआधी मी एका मालट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातलं पोलाद होते, असं तिथला कारागीर म्हणायचा. मला भट्टीत लाल केलं, घणाखाली ठोकलं, पाण्यात बुडवलं, घासलं, आणि मध्ये एक स्क्रू घालून दुसऱ्या पात्याशी जन्मभरासाठी जखडलं. माणसं असं काही झालं की वाजंत्री लावतात. आमच्या वेळी नुसता तेलाचा एक थेंब होता.

इदरीसने मला मुंबईच्या बाजारात घेतलं, तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. दुकानदाराने पुढे टाकलेल्या कात्र्या त्याने पाहिल्या नाहीत, ऐकल्या. एकेक उचलायची, कानाशी न्यायची, हवेत एकदा मिटायची. माझा आवाज ऐकल्यावर त्याने बाकीच्यांना हात लावला नाही. एवढं लक्ष देऊन मला त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं, आणि अलीकडे तर नाहीच.

इदरीसच्या आजोबांनी राजवाड्याचे अंगरखे शिवले, असं त्यांच्या घरात सांगतात. जव्हारात ज्याच्या त्याच्या आजोबांनी राजवाड्याचं काही ना काही शिवलेलं, रंगवलेलं नाहीतर दुरुस्त केलेलं असतंच. एवढे अंगरखे घालायला राजाला आयुष्य पुरलं नसतं. पण इदरीसचा हात पाहिला की ती गोष्ट खरी वाटायची.

त्याचा एक नियम होता. मी फक्त कापड कापायचं. कागद नाही, सुतळी नाही, प्लास्टिक तर नाहीच. कागदाने धार मरते, हे शिंप्याच्या घरातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. कचेरीतल्या माणसाला नसतं. एकदा प्रकल्प कार्यालयातले एक साहेब सफारीचं माप द्यायला आले आणि खिशातलं सरकारी पाकीट उघडायला त्यांनी माझ्याकडे हात केला. इदरीसने पाकीट त्यांच्या हातातून घेतलं आणि दातांनी फाडून परत दिलं. साहेबांना ओला कागद मिळाला, मी कोरडी राहिले.

आणि त्याची एक सवय होती. कापड अंथरलं, खडूच्या रेघा मारल्या, मला उचललं, की तो थांबायचा. मी कापडाला टेकायला आलेली असायचे आणि तो तिथेच थांबायचा. ओठांत 'बिस्मिल्ला' म्हणायचा, सगळ्या रेघांवरून पुन्हा नजर फिरवायचा. कधी म्हणायचा, "चल राणी." कधी मला खाली ठेवून खडू पुसायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्टरला झोप लागली. मला ठाऊक होतं, की कापणं कुणालाही येतं. मास्टर म्हणतात ते त्या थांबण्याला.

त्याची बायको मुनिरा दुसऱ्या मशीनवर बसायची. काज-बटण, हातशिलाई, उधारीच्या गिऱ्हाइकाकडे रोखून पाहणं, ही तिची खाती. घर दुकानाच्या मागेच. अल्मास ही त्यांची एकुलती एक मुलगी. दुकान तिच्या नावाचं, पण सुईत दोरा ओवायचा तिला कंटाळा.

मग तो अपघात झाला. इदरीस मोखाड्याच्या आठवडी बाजारातून गणवेशाच्या ऑर्डरी घेऊन परत येत होता. भाड्याची जीप, आत माणसं, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं. घाटाच्या वळणावर ती चरात कलंडली. देवाच्या दयेने कुणी गेलं नाही. इदरीसची कंबर गेली.

नाशिकला एका डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या. थोडेच दिवस घ्यायच्या, मग बंद, असं बजावूनही दिलं. डॉक्टरांचं काही चुकलं नाही. गोळीचंही सुरुवातीला काही चुकलं नाही. जो माणूस भिंत धरून न्हाणीत जात होता, तो टेबलापाशी ताठ उभा राहिला. मला उचललं, कापड कापलं आणि हसला. मीही मनातून त्या गोळीला दुवा दिला. आमच्या दुकानात नवीन कुणी आलं की मी सहसा अशी घाई करत नाही.

दिवस संपले तेव्हा त्याने गोळी बंद केली. दुसऱ्याच दिवशी त्याला जांभया सुरू झाल्या. नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पायांना एका जागी चैन नाही. कंबर दुखत होती, पण ते निमित्त होतं. आता सगळा माणूसच दुखत होता. "थंडी बाधली," तो मुनिराला म्हणाला. जव्हारच्या धुक्यावर काहीही खपतं. संध्याकाळी कुठूनशी त्याच गोळ्यांची एक पट्टी आली आणि थंडी पळाली.

त्यानंतर ती पट्टी कुठून आणायची हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. लोक म्हणतात, नशेने बुद्धी जाते. मला ते पटत नाही. इदरीसची बुद्धी पूर्ण शाबूत होती, तिने फक्त नोकरी बदलली होती. पूर्वी एका सदऱ्याच्या कापडात ती पोराची चड्डीही बसवायची. आता कुठल्या गावाला, कुठल्या बहाण्याने जायचं, मुनिरा कधी नमाजाला उठते, कुठला खिसा ती चाचपत नाही, यात ती दिवसभर गुंतलेली. पुढच्या जुम्याचं काही विचारलं तर मात्र तो असा बघायचा, जसं काही दुसऱ्याच्या घरचं विचारलंय. त्याचा सगळा काळ आखडून दोन गोळ्यांच्या मधला तुकडा झाला होता.

एक दिवस त्याने ठरवलं की रोजची एकच घ्यायची. चांगला विचार होता. त्याने खिशातून पट्टी काढली, मला उचललं, आणि मी कापड कुठे आहे म्हणून पाहते आहे तोच त्याने मला त्या चंदेरी पट्टीवर चालवलं. चर्र. चर्र. एकेक गोळी सुटी केली. माझ्या धारेला जागोजाग खाचा पडल्या. मी दुखण्याबद्दल बोलत नाही. तो थांबला नाही, त्याबद्दल बोलते आहे. 'चल राणी' नाही, काही नाही. त्या दिवशी मला कळलं की या दुकानात आता मी एकटी आहे.

सुट्या गोळ्यांतल्या काही त्याने एका डबीत घालून शेजारच्या पांड्याकडे ठेवायला दिल्या. पांड्याचं पंक्चरचं दुकान, दोघांची जुनी दोस्ती.

"मी मागितल्या तरी देऊ नको," इदरीसने सकाळी बजावलं.

दुपारी तो पुन्हा दारात उभा. "पांड्या, दे ती एक."

"सकाळी तूच म्हणालास ना, मागितली तरी देऊ नको?"

"ते सकाळी म्हणालो. आता मी दुपारचा सांगतोय."

"मग संध्याकाळच्यालाही विचारून ये. तिघांची सही आण, मग देतो."

"गंमत करू नको, भडव्या. माझी वस्तू आहे."

पांड्या हसत होता तो थांबला. इदरीसच्या तोंडून शिवी त्याने पहिल्यांदा ऐकली. त्याने डबी पुढे केली. इदरीसने एक घेतली, मग हात मागे नेला, मग सगळी डबी उचलली. परत येताना तो स्वतःशीच पुटपुटत होता, "उद्यापासून." उद्याचा दिवस तेव्हापासून आमच्याकडे कायमचा मुक्कामाला आला.

बातमी गावात फिरली तशी माणसं सल्ला द्यायला येऊ लागली. सल्ल्याला शिलाई पडत नाही. "मास्टर, मन घट्ट करा," एक जण गालातली तंबाखू दुसऱ्या गालात सरकवत म्हणाला. दुसरे एक म्हणाले, "निश्चय पाहिजे, निश्चय." हे गृहस्थ डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून आमच्याकडे बसून चोरून गोड चहा प्यायचे. इदरीस सगळ्यांना मान डोलवायचा. मान डोलवणारा माणूस सुधारतोय, असं समजून सगळे समाधानाने घरी जायचे.

कामात चुका येऊ लागल्या. वावर गावाकडच्या एका पाड्यावरचा पोश्या वर्षातून एकदा सदरा शिवायचा. सदरा अंगात घालून त्याने छाती चाचपली आणि तो खदखदून हसला.

"मास्तर, खिसा उजवीकडं लावलास! माझा काळीज कवा हलवलास?"

पूर्वीचा इदरीस शरमेने अर्धा झाला असता. रात्रीचा दिवस करून त्याने सदरा उसवला असता. हा इदरीस म्हणाला, "चालतं रे. त्यात ठेवायचंय काय तुला?"

पोश्याचं हसू विझलं. तो सदरा काखेत मारून गेला आणि पुन्हा आला नाही. मुनिरा काज करत होती. तिने मान वर केली नाही, पण सुई बराच वेळ तिथल्या तिथेच राहिली.

याच सुमारास अल्मासचं लग्न ठरलं. आमच्या घरात एक चाल आहे. मुलीचा निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, बापाने बेतायचा, स्वतःच्या हाताने, घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या बायकांदेखत. मग तोंड गोड करायचं. शिवू देत कुणीही, पहिली कात्री बापाची. इदरीसच्या बहिणीचा जोडा त्याच्या बापाने असाच बेतला होता. इतर घरांत बाप मुलीला काय देतो ते मोजतात. शिंप्याच्या घरात तो कसं कापतो ते बघतात.

"तेवढा दिवस तरी," मुनिरा त्याला म्हणाली.

"तुझी शप्पथ," तो म्हणाला. "त्या दिवशी एक पण नाही." आणि तो हे अगदी मनापासून म्हणाला. मनाचं त्या वेळी तेच म्हणणं होतं.

मुंबईहून डाळिंबी किनखाब आणलं. जरीचं, भारी, अगदी मापात बसेल एवढंच. बेतायच्या दिवशी सकाळपासून दुकान झाडून सतरंज्या अंथरल्या. बायका आल्या, पेढ्यांचं ताट आलं. अल्मास कोपऱ्यात मान खाली घालून बसली, कारण नवऱ्या मुलीने तसंच बसायचं असतं. पण डोळे टेबलावर होते. इदरीस आत कपडे बदलायला गेला आणि जरा वेळाने प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आला. हात अजिबात थरथरत नव्हते. मी मुठीतून त्याच्या हाताची ती गोळीची ऊब ओळखली.

किनखाब दुहेरी घडीवर कापत नाहीत, जरीची फुलं सरकतात. एकेरी अंथरून एकेक भाग कापायचा. पुढा झाला, पाठ झाली. मग बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवला, एक बाही कापली. बाहीला पुढची आणि मागची बाजू असते, म्हणून दुसरीच्या वेळी फर्मा पालथा घालावा लागतो. शिंपी हे शिकतो ते पहिल्या आठवड्यात. इदरीसने फर्मा उचलला, पुढे सरकवला, तसाच सुलटा ठेवला.

मी वाट पाहत होते. तो थांबेल, रेघांवरून नजर फिरवेल. एवढं एकच तर लागत होतं, एका श्वासाचं. तो कुणाच्या तरी थट्टेला हसत हसत मला चालवत गेला. मला तोंड असून उपयोग नाही. माझं तोंड उघडतं ते कापायलाच.

दोन्ही बाह्या डाव्या.

बायकांनी दुवा दिला, पेढे फिरले. मुनिराने बाह्या उचलल्या, एकीवर एक ठेवल्या, आणि तिला दिसलं. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "माशाल्ला, काय सफाई आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि त्यांची पटकन घडी घातली. नवऱ्याची अब्रू झाकायला कापड फार लागत नाही, पण विणावं फार घाईने लागतं.

पाहुण्या गेल्यावर अल्मासने घडी उलगडली. तिला शिवणाचा कंटाळा असला तरी ती या दुकानात लहानाची मोठी झालेली.

"अब्बा, दोन्ही डाव्या आहेत."

"तर काय झालं," इदरीस म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"मला कळतंय."

"आजकाल अशी फॅशन आहे."

अल्मास आत गेली. मुनिरा सतरंज्या गुंडाळत राहिली. इदरीस टेबलाला टेकून एकेक बाही स्वतःच्या हाताला लावून बघत होता. डाव्याला लावली, बसली. उजव्याला लावली. पुन्हा लावली. कापड उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मुनिरा, मला वाईट वाटत नाहीये."

"काय?"

"पोरीचा जोडा बिघडवला मी. वाईट वाटायला पाहिजे ना? मी आत शोधतोय. नाही सापडत." तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला. "मला नाशिकला ने."

जोडा मुनिराने जाळीच्या बाह्या लावून निभावला. निकाहच्या दिवशी सगळ्यांनी बाह्यांचं कौतुक केलं आणि इदरीसने सगळ्यांचे आभार मानले. पाहुणे पांगले, अल्मास भिवंडीला सासरी गेली आणि मुनिरा त्याला घेऊन नाशिकच्या दवाखान्यात गेली. परत आली ती एकटी.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते ती पांड्याला सांगत होती. "म्हणाल्या, ही गोळी अफूच्या जातीची. डोक्यात 'थांब' म्हणणारा जो बसलेला असतो ना, त्यालाच ती आधी झोपवते. आता ज्याने थांबवायचं तोच झोपलाय, आणि तुम्ही बाहेरून ओरडताय, थांब, थांब. त्याला उठवायला औषध लागेल, वेळ लागेल. मधे घसरतील. घसरले तर रागावू नका, परत घेऊन या."

"आणि आपण सगळे त्याला निश्चय कर म्हणत होतो," पांड्या म्हणाला.

"तू तर सही आण म्हणत होतास."

पांड्याने खाली पाहिलं. मग आपलं पान्यांचं काम घेऊन उगाचच बराच वेळ आमच्या पायरीवर बसला.

तेव्हापासून मी पडून आहे. मुनिरा फॉल-पिको आणि दुरुस्तीची कामं घेते. त्या कामांना एक हलकी, लाल प्लास्टिकच्या मुठीची कात्री पुरते. ती फार बडबडी आहे आणि कागदसुद्धा कापते. पावसाळ्यात दुकानात धुकं शिरतं तेव्हा माझ्या पात्यांवर तांबूस ठिपके उमटतात. एकदा धारवाला दारावर आला. मुनिराने मला त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "खाचा खोल आहेत, भाभी. घासावं लागेल. धार येईल, पण थोडी बारीक होईल." मुनिराने विचार केला आणि मला परत मागून घेतलं.

परवा दुपारी इदरीसचा फोन आला. येत्या आठवड्यात घरी सोडणार होते. मुनिराने फोन कटिंगच्या टेबलावर, माझ्या शेजारी ठेवला आणि आवाज मोठा केला, कारण हातात परकराचा घेर होता. तो अल्मासचं विचारत होता, पांड्याचं, मशीनच्या पट्ट्याचं.

"मुनिरा, इस्त्रीच्या फळीला गादी आहे ना. तिच्या खालच्या अंगाची शिवण बघ. डाव्या कोपऱ्याची."

"का?"

"बघ तर."

तिने फळी उलटी केली. तिथले टाके बाकीच्या टाक्यांपेक्षा सुबक होते. तिला लाल मुठीची सापडेना, तिने मलाच उचललं आणि माझ्या टोकाने टाके तोडले. कापसातून पट्ट्या निघाल्या. एवढी घरझडती घेऊनही तिला ही जागा सापडली नव्हती. कधीच सापडली नसती.

"आहेत?" फोनमधून आवाज आला.

"आहेत."

"आज डोकं जाग्यावर आहे म्हणून सांगितलं. तिथे आल्यावर सांगितलं नसतं. आत्ता टाक. संडासात टाक, पाणी सोड. फोन चालू राहू दे."

मुनिरा पट्ट्या ओच्यात घेऊन मागे गेली. मला तिने टेबलावर ठेवलं होतं, फोनपाशी. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. भरभर.

"मुनिरा?" तो म्हणाला. "एक ठेव. ऐकतेस? एकच. कंबरेला लागली तर. सगळ्या नको टाकू."

मागच्या बाजूला बादली वाजली. तिला काही ऐकू जाणार नव्हतं.

"मुनिरा, अगं—"

मग तो थांबला. मी त्याचा श्वास ऐकत राहिले. तो फोन बंद करील असं वाटलं, पण त्याने केला नाही. फार हळू आवाजात तो म्हणाला, "नको. नको ठेवू. एकपण नको."

ओले हात पदराला पुसत मुनिरा आली. "टाकल्या. तुम्ही काही म्हणत होतात का मधे?"

"नाही," इदरीस म्हणाला. "तू नव्हतीस, तर कुणाशी बोलणार?"

फोन बंद झाला. मुनिरा फळीची शिवण परत घालायला बसली.

वाचकहो, लोखंडाला निरोप सांगता येत नाही, म्हणून तुमच्या गळ्यात घालते. तुमच्यापैकी कुणाचं या दोन-चार दिवसांत नाशिकला जाणं झालं, तर त्या दवाखान्यात डोकवा. कंबर धरून बसलेला, शिंप्याच्या बोटांचा एक माणूस असेल. त्याला मन घट्ट करायला सांगू नका. फळंही नेऊ नका, ती तिथे सगळेच नेतात. फक्त सांगा, की त्या दुपारी तो जे दोनदा बोलला ते दोन्ही कुणीतरी ऐकलंय, आणि शेवटचा शब्द 'नको' हा होता.